काळे ठिपके, अर्धी बादली

आषाढात आत्या आली होती. सोलापूरहून रत्नागिरीला, तेही भर पावसात, म्हणजे आम्ही तिला आधी वेड्यातच काढलं. पण माहेरचा पाऊस बघायचाय म्हणाली, त्यावर काय बोलणार? रात्रीच्या गाडीने आली, सकाळी सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकली आणि केस पुसत स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काय गं, तुमच्या न्हाणीत चूल नाही नि काही नाही, मग भिंतींना काजळी कशानं धरली?" मी चहा गाळत होते. म्हटलं, "काजळी नाही आत्या, बुरशी ती. पावसाळ्यात येतेच." "येतेच म्हणजे? आमच्या वेळी नव्हती." एवढं बोलून तिने कप उचलला. तिच्यापुरता विषय संपला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून घरी येते तर ही सत्तरी ओलांडलेली बाई बाथरूममध्ये पाटावर बसून जुन्या टूथब्रशने टाइल्सच्या फटी घासतेय. नको नको म्हटलं तरी ऐकेना. ती होती तोवर फटी पांढऱ्याशुभ्र राहिल्या. ती सोलापूरला गेली, आणि थोड्याच दिवसांत गीझरखालच्या कोपऱ्यातून, मिरी भरडून शिंपडावी तसे ठिपके पुन्हा उगवले.

ठिपक्यांचं मला नवल नव्हतं. "आमच्या वेळी नव्हती" हे मात्र डोक्यातून जाईना.

आमची बाथरूम चार बाय सहाची. वरचा मजला, त्यामुळे डोक्यावर थेट स्लॅब. काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी आहे, ती डक्टमध्ये उघडते, आणि त्या डक्टमध्ये सगळ्या मजल्यांचे पाइप, कबुतरं आणि कोणाच्या तरी दोरीवरून पडलेला, आता रंगही न ओळखू येणारा एक टॉवेल. आत्या गेल्यावर एकदा मोबाइलचा टॉर्च लावून मी त्या कोपऱ्याशी उकिडवी बसले. टाइलच्या चकचकीत भागावर काहीच नव्हतं. सगळा काळेपणा दोन टाइल्सच्या मधल्या जोडात. बोट फिरवलं की तिथलं सिमेंट खरखरीत लागतं. बरं, जोडातही तो सरसकट नव्हता. शाम्पूची बाटली उचलली की खाली एक पूर्ण गोल, साबणदाणीखाली ओघळाची एक रेघ, नळाच्या मागे थोडं, दाराच्या चौकटीच्या पायाशी बरंच. म्हणजे जिथे पाणी थांबतं आणि साबण वाळतो तिथे. बुरशीला टाइल खाता येत नाही. ती जगते आमच्याच अंगावरून उतरलेल्या ऐवजावर: साबणाचा चिकट थर, डोक्याचं तेल, मळ. तिचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, त्यांना दाराबाहेर ठेवणं अजून कोणाला जमलेलं नाही. त्यांना रुजायला ओल लागते, आणि ती आम्ही रोज सकाळी न चुकता पुरवतो. बादलीच्या काठाला नि मगच्या दांड्यात जो गुलाबी, बुळबुळीत थर येतो तो निराळा. ते बहुतेक वेळा सेराशिया नावाच्या जिवाणूचं काम असतं. इटलीत पाडुआजवळ १८१९ साली मक्याच्या लापशीवर रक्तासारखे डाग उमटू लागले आणि लोक घाबरले, तेव्हा बार्तोलोमेओ बिझिओ या औषधविक्रेत्याने तपास करून ही एका सजीवाची करणी असल्याचं दाखवलं. गंमत म्हणजे त्यालाही ती बुरशीच वाटली होती. त्यामुळे माझा मुलगा जेव्हा "आई, मगला गुलाबी बुरशी आलीये" म्हणून ओरडतो तेव्हा मी त्याला फार दुरुस्त करत बसत नाही.

आत्याची न्हाणी म्हणजे आमच्या गावच्या घराची न्हाणी. संगमेश्वरच्या पुढे. मागच्या पडवीच्या टोकाला, घराला चिकटून पण घराच्या बाहेर. जांभ्याच्या भिंती, त्याही पुरुषभर उंचीच्या. त्यांच्या नि कौलांच्या मधे मोकळी जागा. एका बाजूला चूल आणि चुलीवर तांब्याचा हंडा, इतका काळा की तो तांब्याचा आहे हे दिवाळीला घासल्यावरच कळायचं. चुलीत नारळाची सोडणं, झावळ्या, बागेत सापडेल ते. पावसात सोडणंही दमट असायची, मग धूर असा व्हायचा की आंघोळ करणारा डोळे चोळत बाहेर यायचा. पाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या अळवात जायचं. पायाखाली एक मोठा सपाट दगड. सकाळी आजोबांपासून सुरू झालेल्या आंघोळी दहा वाजेपर्यंत चालायच्या आणि मग ती चूल निखाऱ्यांवर तशीच पडून राहायची. दुपारी तिथे गेलं तर दगड उबदार आणि कोरडा. बाहेर धो धो पाऊस, अंगणात चालायचं तर शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकून चालायचं, आणि न्हाणी मात्र कोरडी. त्या निखाऱ्यांवरच्या दोरीवर लहान बाळांचे लंगोट आणि दुपटी वाळत असायची. आमचे सगळ्यांचे कपडे शाळेत जाताना धुराचा वास मारायचे, आणि वर्गात सगळ्यांचेच मारायचे.

म्हणजे आत्याचं खरंच होतं. त्या न्हाणीत बुरशी नव्हती.

घरात बाकी सगळीकडे होती, हे ती सोयीस्कर विसरली. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट पांढरा थर यायचा, आजोबांच्या कोर्टात घालायच्या बुटांवर यायचा, पोथ्यांच्या कडांवर यायचा. पापडाचा डबा उघडला आणि आतून कुबट वास आला की आजीचा चेहरा पडायचा. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी बुरा धरला तर ज्याने ओला चमचा घातला त्याची चौकशी व्हायची. आणि न्हाणी कोरडी राहायची ती चुलीमुळे, आणि चूल काही आपोआप पेटत नव्हती. पहाटे फुंकणी घेऊन तिच्यासमोर बसायची ती आजी, तिच्यानंतर काकू. आजीला मी खोकल्याशिवाय कधी पाहिलेलं नाही. तेव्हा आम्हाला तो तिच्या बोलण्याचाच भाग वाटायचा. जुनी न्हाणी आठवून गहिवरणाऱ्यांमध्ये मीही आहे, पण गीझरचं बटण दाबताना तो गहिवर टिकत नाही.

दुसरी गोष्ट चुना. गणपतीच्या आधी पाऊस जरा उघडला की भिंतींना चुन्याचा हात मारला जायचा. चुन्याच्या कळ्या पिंपात भिजत घातल्या की पाणी रटरटायचं, आम्हा मुलांना लांब उभं करायचे. ताजा चुना इतका दाहक की त्यावर बुरशी टिकाव धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू त्याचा साधा खडू होतो आणि त्याची धार जाते. म्हणून तो दरवर्षी लावावा लागायचा. सण हे निमित्त, पण वेळापत्रक रसायनशास्त्राला धरून होतं. बागेतही तेच. सुपारीच्या घोसांवर फळं कुजवणारा, बुरशीसारखाच कोळे रोग येऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. काका दोन्ही वेगवेगळं विरघळवून एकत्र ओतायचे आणि त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस पुट चढलं की म्हणायचे, अजून चुना. मग तो निळा डबा घेऊन पाडेली, म्हणजे झाडावर चढणारा गडी, वर. आता घरी आलेला रंगारी मला 'अँटीफंगल' लिहिलेला डबा दाखवतो तेव्हा मला तो निळा डबा आठवतो. डब्यातलं औषध चांगलं असेलही. पण खालची भिंत ओली असताना वरून रंग मारला तर पुढच्या पावसात पोपडे निघतात आणि पोपड्याच्या पाठीवर बुरशी असते, हे त्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

तर मग आपल्या बंद बाथरूमचं काय? मी एका रविवारी बसून हिशोब केला. चार बाय सहाची खोली, नऊ फूट उंच, म्हणजे साधारण ६ घनमीटर हवा. पावसाळ्यात आमच्याकडे २६ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता ही काही विशेष गोष्ट नाही. २६ अंशाला एक घनमीटर हवा फार तर २४ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे सगळ्या खोलीतल्या हवेची ऐपत दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातली ९० टक्के बाहेरून येतानाच भरलेली. उरली १५ ग्रॅमची जागा. तीन चहाचे चमचे. आंघोळीनंतर भिंतींवर नि फरशीवर जे पाणी पसरलेलं असतं ते सहज अर्धा लिटर भरेल. ते अर्धा लिटर या तीन चमच्यांच्या हवेने प्यावं अशी आपली अपेक्षा असते, आणि ते दुपारपर्यंत वाळत नाही म्हणून आपण बुरशीला नावं ठेवतो. वरून गरम पाण्याची वाफ. पावसाने भिजलेला स्लॅब खोलीपेक्षा थंड असतो, वाफ जाऊन तिथेच बसते. म्हणून छताला, जिथे साबणाचा हात कधी पोचत नाही तिथेही ठिपके येतात. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही असं जाणकार सांगतात. कोकणातल्या जुलैमध्ये एक-दोन दिवसांत काय वाळतं ते आमच्या दोरीवरच्या जीन्सला विचारा.

यातून मला एक कळलं, ते असं की हवेच्या भरवशावर राहायचंच नाही. पाणी पाणी असतानाच ओढून नहाणी ट्रॅपमध्ये घालवायचं. त्याची वाफ होऊन बाहेर जाण्याची वाट बघत बसलं तर ते जातच नाही. फरशीला मोठा वायपर, भिंतींना काचा पुसायचा छोटा, आणि मग जोडांवरून एकदा कोरडं फडकं. एवढं केलं की राहतो तो नुसता ओलसरपणा, तेवढा पंखा सांभाळतो. पंखा म्हणजे एक्झॉस्ट, आणि तोही आंघोळ संपल्यावर अर्धा-पाऊण तास चालू ठेवायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये तो आंघोळीपुरता लावून बंद करण्याची पद्धत आहे, वीजबिलाच्या नावाने. शिवाय दार घट्ट बंद असेल तर बाहेर फेकायला त्याला हवाच मिळत नाही. दाराखाली बोटभर फट लागते. आमच्याकडे ती फट होती, पण तिच्यापुढे जाडजूड पायपुसणं असायचं, स्वतः कायम ओलं. ते आता उन्हाळ्यापुरतं. बेडरूममध्ये एसी लावणाऱ्यांनी त्या बाजूच्या बाथरूमचं दार सकाळी थोडं उघडं ठेवून पाहावं, एसीने कोरडी झालेली हवा बाथरूमला फुकट मिळते. आणि पावसात धुतलेले कपडे बाथरूममध्ये वाळत घालणं, जे निम्मी रत्नागिरी करते, ते बंद. मशीनमधून निघालेल्या कपड्यांत लिटर-दोन लिटर पाणी असतं, ते आपण उचलून नेमकं तिथे नेतो. आता ते हॉलमध्ये पंख्याखाली असतात. पाहुणे आले की शर्टांच्या बाह्या बाजूला करून सोफ्यावर बसतात.

साफ करणं हा वेगळा विषय, आणि त्यात लोकांची मतं फार ठाम. आमच्याकडे बिल्डिंगमधल्या बाथरूम्स सणावारी घासून द्यायला एक जण येतो, त्याच्या पिशवीत अ‍ॅसिडची बाटली. "मारून देतो, एकदम नवीन." मी त्याला जोडांवर अ‍ॅसिड मारू देत नाही. टाइल चकचकते खरी, पण अ‍ॅसिड जोडातलं सिमेंट खातं, ते अधिक खरखरीत आणि सच्छिद्र होतं, आणि पुढच्या वर्षी तिथे ठिपक्यांना बसायला ऐसपैस जागा. ब्लीच टाकलं की रंग जातो, डोळ्यांना बरं वाटतं. पण सिमेंटच्या आत शिरलेले तंतू बरेचदा तसेच राहतात आणि त्याच जागी पुन्हा डोकं वर काढतात. आत्याचा टूथब्रश आणि कपडे धुण्याची पावडर हे दिसायला मागासलेलं, पण त्याने बुरशीबरोबर तिचं जेवणही, म्हणजे साबणाचा थर, निघतो. ब्लीच वापरायचंच तर त्या घासण्यानंतर, खिडकी उघडी ठेवून. आणि ब्लीच नि टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड एकत्र कधीही नाही, एकामागोमागही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, चार बाय सहाच्या बंद खोलीत. हे मी कामवाल्या मावशींना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या, कारण सांगण्यावर माझा फारसा विश्वास नाही.

टाइलवाले मिस्त्री येऊन बघून गेले. जोड नखाने खरवडला, भुगा चोळला. "वहिनी, हे सिमेंट पाणी पितं. उकरून इपॉक्सी भरू, ते नाही पीत." मी म्हटलं, उद्या या. हसले. "आता? आत ओल आहे. आता भरलं तर ती आतच कोंडेल. थंडीत बघू, सगळं खणखणीत वाळल्यावर." बेसिनच्या कडेचं सिलिकॉन आतून काळं पडलंय, ते घासून जाणार नाही, कापूनच काढायला हवं, हेही त्यांनी सांगितलं. कामाचा माणूस घाई नको म्हणतो तेव्हा मला उगाच बरं वाटतं.

पण आत्याच्या वाक्याचं उत्तर मला मिस्त्रींकडे मिळालं नाही, तिच्याच आंघोळीत मिळालं. ती इथे असताना तिच्यानंतर मी बाथरूममध्ये जायची तेव्हा भिंती गुडघ्याच्या वर कोरड्या असायच्या. आधी माझ्या लक्षात आलं नाही. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, बाथरूममध्ये भरलेली पिंपं असतात, आणि ती अजून पाटावर बसून, अर्ध्या बादलीत, तांब्याने आंघोळ करते. डोक्यावरून पाणी घेतलं तरी ते अंगावरूनच खाली येतं. आम्ही शॉवर उभा सोडतो. भिंतीवरचे ठिपके कुठवर चढलेत ते पाहिलं तर माझ्या खांद्याइतके, शॉवरच्या बाजूला माझ्या मुलाच्या उंचीइतके. तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या बाथरूममध्ये काळं काही दिसलं नव्हतं, मात्र नळांवर नि बादलीवर क्षारांचे पांढरे जाड थर होते आणि ते ती लिंबाच्या सालाने घासत होती. "आमच्याकडं असलं काळं नसतंय बघ" असं फोनवर सांगताना तिने ते पांढरं हिशोबात धरलं नाही. धरावं असं मलाही वाटलं नाही. लग्न होऊन ती गेली तेव्हा म्हणे पहिल्या वर्षी तिला तिथे रडू यायचं, कपडे इतक्या लवकर वाळतात म्हणून. दोरीवर घालून मागे वळेपर्यंत पातळ कडक. बोलायला काही नाही, आणि काम लवकर संपायचं.

अर्ध्या बादलीचा ठराव मी घरात मांडून पाहिला. मुलगा म्हणाला, मग शॉवर बसवलाच कशाला? मुद्दा बरोबर होता. नवरा म्हणाला, जागतिक आरोग्य संघटनेचं काही म्हणणं आहे का? थट्टेने विचारलं होतं, पण आहे. घरातली ओल आणि बुरशी यावर त्यांची मार्गदर्शक पुस्तिका २००९ साली निघाली, आणि त्यात अमुक इतकी बुरशी चालेल असा आकडाच दिलेला नाही. ओल येऊ देऊ नका आणि आली तर हटवा, एवढंच. सासूबाईंना पावसाळ्यात दम्याचा त्रास होतो, त्यामुळे त्यावर कोणी वाद घातला नाही. शेवटी तडजोड अशी ठरली की शॉवर राहील, पण जो सगळ्यांत शेवटी आंघोळ करेल त्याने भिंती, फरशी, जोड सगळं पुसून पंखा लावून बाहेर यायचं. कागदावर न्याय्य. त्याचा परिणाम असा झाला की आमच्या घरातले लोक लवकर उठू लागले. मुलगा क्लासच्या आधीच न्हाऊन मोकळा. ज्या नवऱ्याला इतक्या वर्षांत मी रविवारी नऊच्या आत उठवू शकले नाही तो हल्ली साडेसहाला भांग पाडून पेपर वाचत बसलेला असतो, आणि मी टॉवेल घेऊन निघाले की पेपर जरा वर धरतो. वायपर आत, खिळ्याला आहे. मिस्त्री जानेवारीत येणार आहेत.